वय नको, गाडी तपासा

२०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५ हजारांवरून १० हजार रुपये केली. महिन्याभराने, २२ सप्टेंबरला, लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दोन्ही निरोप एकाच पत्त्यावर आले: जुनी काढा, नवी घ्या. माझ्याकडे १९९८ची मारुती ८०० आहे. पांढरी, चार गिअरची, कार्बोरेटरवाली. मी ती काढणार नाही. त्यात हट्ट आहे, माया आहे, हे आधीच कबूल. पण तक्रार हिशेबाची आहे.

मी पशुवैद्यक. सगळी नोकरी बीड जिल्ह्यात गेली, त्यातली बरीचशी धारूर आणि केज तालुक्यांत. २००३ मध्ये औरंगाबादच्या एका बँकवाल्याकडून ही गाडी घेतली. त्याआधी मोटारसायकल होती. कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना ठेवाव्या लागतात. तो कंटेनर मागे दोरीने आवळून धारूरचा घाट चढायचा, समोरून तेलगावच्या कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रक आला की एक पाय खाली टेकवून उभं राहायचं. गाडी आली आणि कंटेनर मागच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसला. नायट्रोजन सतत उडत असतो, बंद गाडीत तो हवेची जागा घेतो, म्हणून काचा कायम चार बोटं खाली. उन्हाळ्यात फुफाटा आत, पावसाळ्यात शिंतोडे आत. एसी नव्हताच, त्यामुळे तो वाया जातो म्हणून हळहळायचंही कारण नव्हतं.

मागच्या सीटवर कॅल्शियमच्या बाटल्या, दोरखंड, गमबूट, बादली. समोरच्या सीटवर लसीचा थंड डबा. दिवाळीच्या आधी आमच्याकडे घाई असायची. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या बैलांसकट पश्चिम महाराष्ट्रात जातात, आणि तिथे पाच-सहा महिने शेकडो जनावरं एका तळावर राहतात. निघण्याआधी लाळ्या-खुरकुताची लस टोचली नाही तर रोग तळावर पसरतो आणि परतताना गावात येतो. त्यासाठी आसरडोह, भोगलवाडीकडच्या तांड्या-वस्त्यांवर जावं लागे. तिथे रस्ता म्हणजे बैलगाडीची वाट. ही गाडी त्या वाटेनं जायची. जेमतेम साडेसहाशे किलोची, बारा इंची चाकांची, ती रुतणार हे ठरलेलंच. पण रुतली तरी चार गडी हात लावून उचलून कडेला ठेवत, आणि "सायेब, आता बैलाचं बघा," म्हणत पुढे होत. एखादी आजारी शेळी मागच्या सीटवरून दवाखान्यात आली की आठवडाभर बायको गाडीत बसत नसे. मग फिनेलनं धुऊन अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन.

दुष्काळातलं मात्र सांगताना अजून अवघडतो. २०१३ आणि २०१९च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात चारा छावण्या होत्या. छावणी तपासायला जाताना घाटात इंजिन तापायचं. रेडिएटरला पाणी लागे, आणि ज्या वस्तीवर टँकर दोन-तीन दिवसांआड येतो तिथे गाडीसाठी पाणी मागायचं कोणत्या तोंडानं? एका म्हातारीनं न मागता तांब्या पुढे केला. "जनावराच्या डॉक्टरची गाडी हाय, तिलाबी पाजा," एवढंच म्हणाली. तेव्हापासून पाण्याचा पाच लिटरचा कॅन घरूनच नेऊ लागलो.

आणि दुरुस्ती. केजला एक मेस्त्री आहे, वडिलांच्या हाताखाली शिकलेला. पोत्यावर कार्बोरेटर उघडतो, जेट फुंकतो, तोंडातला तंबाखू न थुंकता सांगतो, "कचरा होता." क्लचची केबल, फॅन बेल्ट, प्लग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. गाडीला काय झालंय हे तिच्या आवाजावरून मलाही कळतं. माझ्या मुलाच्या नव्या गाडीत मात्र एक पिवळा दिवा लागला, तर तो दिवा का लागला हे विचारायला संभाजीनगर गाठावं लागलं. सव्वाशे किलोमीटर, फक्त दिव्याचा अर्थ कळावा म्हणून.

ही गाडी मुळात जपानची. तिथे १९४९ पासून ‘केई’ नावाचा छोट्या मोटारींचा वेगळा वर्ग कायद्यानेच आखला आहे: इंजिन लहान, लांबी-रुंदी मापात, त्या बदल्यात करात सवलत. ओसामू सुझुकी हे सुझुकी कंपनीचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, ४ लाख ७० हजार येनला त्यांची ऑल्टो बाजारात आली. तिच्याच घराण्यातली, थोड्या मोठ्या ७९६ सीसी इंजिनाची गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. किंमत सुमारे साडेसत्तेचाळीस हजार. २०१४च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत देशात २६ लाखांवर गाड्या विकल्या गेल्या. शिक्षक, कंपाउंडर, अडत्याचा मुनीम, आमच्यासारखे झेडपीचे डॉक्टर, यांची आयुष्यातली पहिली आणि बहुधा एकमेव मोटार. कुणावर छाप पाडायला ती कुणी घेतली नाही, तिच्यात तेवढी उंचीच नव्हती.

आता आमच्या जिल्ह्यात गाडीच्या उंचीवरून माणसाची उंची मोजतात. काचांवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली, हे बीडच्या चौकात उभं राहून कुणाला पटायचं नाही. ज्याच्या दारात उंच गाडी नाही त्याला ग्रामपंचायतीला तिकीट कोण देणार, असा प्रश्न मी कानांनी ऐकला आहे. (ग्रामपंचायत पक्षाच्या तिकिटावर लढवतच नाहीत, हे त्या बोलणाऱ्याला सांगून उपयोग नव्हता.)

आठवणीत रमणारे एक गोष्ट लपवतात, ती मी सांगतो. ही गाडी सुरक्षित नाही. एअरबॅग नाही, एबीएस नाही, पत्रा असा की बैलानं शिंग घासलं तरी पोचा पडतो. तिच्या जागी आलेल्या ऑल्टो ८००च्या एअरबॅग नसलेल्या मॉडेललाही २०१४च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, म्हणजे नव्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे ती जास्त घाण ओकते. नातवाला घेऊन मी तिच्यातून हायवेवर जात नाही. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाल्यापासून तिथे ताशी शंभरच्या खाली कुणी धावत नाही, आणि त्या वेगाला या पत्र्याचं काम नाही.

पण मग नियम काय असावा? आज खासगी मोटारीला पहिली १५ वर्षं, पीयूसी सोडली तर, कुणी विचारत नाही. आठ वर्षांची दोन टनी एसयूव्ही, टायर गुळगुळीत, ब्रेक कुरकुरणारे, ती बिनधास्त पळते. तिला ठरावीक काळाने तपासायला कायद्यात जागाच नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, आणि तिथे आधी फी, मग पर्यावरण कर. माझ्या गाडीनं २०२३ मध्ये ५ हजार भरले, २०२८ मध्ये १० हजार मागतील. गाडी महिन्यातून बाजाराला आणि दवाखान्याला जाते की रोज दोनशे किलोमीटर पळते, याचा त्या रकमेशी काही संबंध नाही.

जपानमध्येही जुन्या गाडीला जास्त कर आहे, हे माझ्या बाजूचं नसलं तरी सांगायला हवं. तेरा वर्षांनंतर केई गाडीचा वार्षिक कर १०,८०० येनवरून १२,९०० येन होतो. म्हणजे वाढ पाचव्या हिश्श्याची, दुप्पट नव्हे. पण तिथली खरी गोष्ट वेगळी आहे: नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, छोट्या ट्रकची तर दोनच वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी, आणि ती सगळ्यांना. श्रीमंताच्या मोठ्या गाडीलाही, शेतकऱ्याच्या छोट्या ट्रकलाही. जनावर म्हातारं झालं म्हणून मी कधी औषध बंद केलं नाही. आधी तपासलं, मग ठरवलं.

इथेनॉलची गंमत तर आमच्या जिल्ह्यालाच कळेल. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं. ते जुन्या रबराला फुगवतं, टाकीत ओलावा धरतं. केजच्या मेस्त्रीनं गेल्या वर्षी पेट्रोलच्या नळ्या बदलून दिल्या. त्या इथेनॉलमागे ऊसही असतो, आणि ऊस तोडायला आमचीच माणसं बैल घेऊन जातात, ज्या बैलांना मी याच गाडीतून जाऊन लस टोचली. इथेनॉलला माझा विरोध नाही, उसाला भाव मिळत असेल तर मिळो. पण जुन्या गाडीवाल्याला पंपावर दुसरं साधं पेट्रोल निवडता येत नाही, आणि नळ्यांचा खर्च त्याच्याच खिशातून जातो.

मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात यंत्रावर चालणारं तपासणी केंद्र असू द्या. सात-आठ वर्षांनंतर प्रत्येक खासगी गाडी, लहान असो की मोठी, तिथून जाऊ द्या: ब्रेक, धूर, स्टिअरिंग, चॅसिस. नापास झाली तर रस्त्यावर नको, मग तिचा मालक कुणीही असो. पास झाली तर वयाचा दंड नको. २०२८ मध्ये माझी गाडी त्या परीक्षेत नापास झाली, तर मी स्वतः ती भंगार केंद्रावर चालवत नेईन. पास झाली, तर माझ्याकडून नेहमीची फी घ्या आणि मला सोडा.