नावाचा पहिला हक्क कोणाचा?

युरोपीय संघाच्या 'डॉट ईयू' या डोमेनची नोंदणी डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाली, ती आधी ट्रेडमार्कधारक आणि सार्वजनिक संस्थांसाठी. सर्वसामान्यांची पाळी एप्रिल २००६ मध्ये आली. तोवर एका ऑस्ट्रियन कंपनीने आपला डाव साधला होता. 'रायफन', म्हणजे जर्मनमध्ये टायर. या शब्दाच्या प्रत्येक अक्षराच्या मागेपुढे '&' ही खूण टाकून कंपनीने स्वीडनमध्ये ट्रेडमार्क घेतला, तोही सीटबेल्टसाठी. नियमानुसार खुणा गाळता येत होत्या. त्या गाळल्या आणि रोजच्या वापरातला शब्द कंपनीच्या पदरात पडला. असे ३३ शब्द तिने ट्रेडमार्क म्हणून नोंदवले होते. जून २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने अशा वर्तनातून बदहेतू दिसू शकतो, असा निर्वाळा दिला.

या अग्रहक्काच्या टप्प्याला 'सनराइज' म्हणतात. दुसऱ्याचे नाव बळकावून ते त्यालाच चढ्या भावाने विकणाऱ्यांना आळा घालणे, हा त्याचा हेतू. तो योग्यच आहे. नव्या डोमेनांच्या २०१२ च्या अर्जफेरीसाठी 'आयकॅन' या डोमेन-नावांचे नियमन करणाऱ्या संस्थेने किमान ३० दिवसांचे सनराइज सक्तीचे केले आणि ट्रेडमार्क प्रत्यक्ष वापरात असल्याचा पुरावाही मागितला. खुल्या नोंदणीच्या पहिल्या ९० दिवसांत जुळते नाव घेऊ पाहणाऱ्याला इशारा मिळतो.

पण दारावर पहारा बसवला आणि दारातच खंडणी सुरू झाली, तर? टीकेसाठी म्हणून आलेल्या 'डॉट सक्स'ने २०१५ मध्ये सनराइजचा दर २,४९९ डॉलर ठेवला. साध्या नावाचा होता २४९. बदनामीच्या धास्तीने कंपन्यांनी पैसे मोजावेत, असाच हा हिशेब होता. अखेर आयकॅनलाच अमेरिका आणि कॅनडाच्या सरकारी यंत्रणांकडे दाद मागावी लागली. ज्याने परवाना दिला, त्याच्याच हाती दर आवरण्याचे साधन नव्हते.

मराठी व्यावसायिकांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. 'डॉट भारत' २०१४ मध्ये सुरू झाले आणि मराठीत पत्ता घेणे शक्य झाले. मात्र आयकॅनच्या व्यवस्थेत ट्रेडमार्क जसा नोंदवला असेल, तसाच धरला जातो. लिप्यंतराला मान्यता नाही. पाटीवर देवनागरी आणि ट्रेडमार्कच्या कागदावर रोमन, असे असलेल्या दुकानदाराला देवनागरी डोमेनच्या सनराइजमध्ये जागाच नाही. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. पिढीजात मिठाईवाल्याला सनराइजची मुदत कधी आली नि कधी गेली, याचा पत्ताही लागत नाही.

२०२६ च्या फेरीत नवे डोमेन मागणाऱ्या एका अर्जाचे शुल्कच २,२७,००० डॉलर आहे. एवढी रक्कम ओतणारा ती नावांच्या विक्रीतूनच वसूल करू पाहणार. म्हणून सनराइजच्या दरावर कमाल मर्यादा हवी आणि सिद्ध वापर असलेल्या लिप्यंतरित नावालाही अग्रहक्क हवा. भारत सरकारने हा आग्रह आयकॅनच्या सरकारी सल्लागार समितीत धरावा. राज्यातल्या व्यापारी संघटनांनी त्याची वाट न पाहता सभासदांना देवनागरी ट्रेडमार्कचे अर्ज आताच भरायला लावावेत.