फोन खेकसत नाही

परवा एका निवृत्ती समारंभात आमच्या व्यवसायातले एक ज्येष्ठ बोलले. सारांश असा: हल्लीचे रेसिडेंट चॅटजीपीटीला विचारून डॉक्टर होताहेत, डोकी गहाण पडलीत, वॉर्डात फोन बंद करा. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या, कारण जेवण त्यांच्या भाषणानंतर होतं.

‘आमच्या वेळी आम्ही स्वतः विचार करायचो,’ हे त्यांचं लाडकं वाक्य. मी त्याच वेळचा आहे. आम्ही सीनियरचं जर्नल उतरवून काढायचो, चुकलेल्या आकृतीसकट. थीसिसमधला जुन्या संशोधनाचा आढावा मागच्या बॅचच्या थीसिसमधून यायचा. यंत्र अस्तित्वातच नसलेल्या पेपरांचे संदर्भ रचून देतं हा आरोप खरा आहे, गंभीरही आहे. आम्ही निदान खरे पेपर न वाचता छापायचो, एवढाच आमचा प्रामाणिकपणा.

पण मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. फोन बंद केला, तर त्या पोरांनी विचारायचं कोणाला? रात्रीचे तीन. पेशंटचं पोटॅशियम वाढलंय, ईसीजी बदललाय. कॅल्शियम द्यायचं हे पहिल्या वर्षाच्या मुलीला ठाऊक आहे. किती वेळात सोडायचं, इथे ती अडते. सीनियर आयसीयूत अडकलाय. लेक्चररना फोन लावावा, तर पलीकडून आधी जांभई आणि मग, ‘एवढंही येत नाही? पास कोणी केलं तुला?’ हे वाक्य मी स्वतः वापरलेलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो. ते एकदा ऐकलेलं पोर दुसऱ्यांदा फोन करत नाही. माझ्या युनिटमधल्या एका मुलाने असाच कोणाला न विचारता इन्सुलिनचा डोस ठरवला आणि पेशंटची साखर ३८ वर आली. पेशंट वाचला. सकाळी राउंडला मी त्याला विचारलं, ‘फोन का नाही केलास?’ तो माझ्या बुटांकडे बघत राहिला.

तेव्हा चॅटजीपीटी नव्हतं. ते आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. न विचारण्याची सवय आम्ही कितीतरी आधी लावून ठेवली होती. यंत्र कधीकधी साफ चुकीचं सांगतं, पण अदबीने सांगतं. बरोबर उत्तर ठाऊक असलेल्या आम्हांला ती अदब जमली नाही.

बरं, विचार करायला वेळ कुठला? १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपुढे जाऊ नये असं लिहिलंय. ३६ तास जागलेल्या रेसिडेंटला तो कागद दाखवून पाहा. त्यातले कित्येक तास डिस्चार्ज कार्डं लिहिण्यात आणि रिपोर्ट शोधण्यात जातात. त्या कारकुनीला यंत्राचा हातभार लागला, तर कुठलं चिंतन बुडतं?

सोनोग्राफी आली तेव्हाही ‘आता पोट चाचपणं बुडालं’ अशी ओरड झालीच होती. थोडं बुडालंही. म्हणून कोणी मशिनं माळ्यावर टाकली नाहीत. यंत्र अमेरिकेतल्या परवाना परीक्षेत पासाच्या काठाला पोचल्याचं २०२३ मध्ये छापून आलं, त्याचाही ज्येष्ठांना धसका. मला त्या परीक्षेचाच संशय येतो.

मग करायचं काय? माझ्याकडे मोठी योजना नाही. आधी स्वतःचं निदान केसपेपरवर लिहा, मग यंत्राला विचारा. पेशंटचं नाव, नंबर त्यात घालू नका. डोस पुस्तकातून किंवा जाणत्या माणसाकडून घ्या. ‘जीव घाबरा होतोय’ म्हणणाऱ्या आजींना धडधडतंय, दम लागतोय, की घरी काही बिनसलंय, हे खाटेपाशी बसूनच कळतं. तुम्ही घाईत नुसतं ‘पाल्पिटेशन’ टाइप केलंत, की यंत्र तुमच्याच चुकीवर मजले चढवतं. हे शिकवायला मात्र राउंडला शिक्षक हजर लागतो.

ज्येष्ठांना एकच विनंती. फोनबंदीची नोटीस वॉर्डात जरूर लावा. तिच्याखाली रात्री तीन वाजता उचलला जाईल असा आपला नंबर तेवढा लिहा.