पायपेटी भंगारात घालू नका!
अमरावती-अकोल्याच्या ख्रिस्ती मंडळ्यांना आणि संगीतप्रेमी नागरिकांना जाहीर आवाहन



गेल्या आठवड्यात आपल्याच भागातल्या एका मंडळीने चर्चमधला जुना ऑर्गन भंगारवाल्याला देऊन टाकला. नाव लिहीत नाही, ज्यांनी दिला त्यांना ते ठाऊक आहे. आम्ही पोचलो तोवर पेटीच्या फळ्या निघाल्या होत्या आणि आतले पितळी सूर (रीड) पोत्यात भरून काट्यावर चढले होते. ज्या वाद्याच्या साथीने आपल्या आजी-आजोबांची लग्ने लागली, त्यांच्या अंत्यविधीची उपासना झाली, ते पितळेच्या भावाने किलोवर गेले. मंडळीला विचारले नाही, रविवारी सूचना वाचली नाही. पंचांनी ठरवले आणि टेम्पो आला. नाताळच्या रोषणाईला वर्गणी कमी पडत नाही आणि भात्याच्या कापडाला मात्र पैसा नसतो, हे आपल्याला शोभते का?

हे वाद्य काय होते ते तरी समजून घ्या. मुंबई-पुण्याच्या मोठ्या चर्चमध्ये भिंतभर नळ्यांचे पाइप ऑर्गन बसले. वऱ्हाडातल्या मंडळ्यांना तो थाट झेपणारा नव्हता. आपल्याकडे वाजला तो पायाने भाता मारायचा रीड ऑर्गन, म्हणजेच पायपेटी. पॅरिसच्या दबँ या कारागिराने 1840 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत हवा बाहेर फुंकण्याऐवजी आत ओढून घेणारे ऑर्गन घडू लागले. एकट्या एस्टे कंपनीने असे पाच लाखांवर ऑर्गन बनवले आणि 1960 मध्ये तो कारखानाही बंद पडला. म्हणजे भंगारात गेलेला ऑर्गन कंपनीकडून पुन्हा मागवता येणार नाही.

“साहेबाचे वाद्य, गेले तर गेले,” असे म्हणणारे आपल्यातच आहेत. त्यांनी आपल्या अमरावतीच्या नाटककार वीर वामनराव जोशींची आठवण ठेवावी. त्यांचे ‘रणदुंदुभी’ हे नाटक 1927 साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले, तो काळ संगीत नाटकात ऑर्गनच्या साथीचा होता. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गनच घुमत असे. आणि याच घराण्यातली हातपेटी, जी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी मांडी घालून वाजवता येईल अशी केली, ती आज वऱ्हाडातल्या गावोगावच्या भजनी मंडळात आहे. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवले, तरी ती टिकली. हातपेटीने बंदी पचवली, पायपेटी मात्र घरच्यांच्या बेफिकिरीने मरते आहे.

“तो वाजतच नाही,” हे दुसरे कारण. अहो, उघडून पाहिला का? मागची फळी काढा. मुका झालेला सूर आकडीने हलकेच बाहेर ओढा. बहुतेक वेळा पितळी जिभेखाली धुळीचा कण नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा धागा अडकलेला असतो. मऊ ब्रशने तो झटकला की सूर बोलू लागतो. पितळ सहसा मरत नाही. मरते ते कापड, चामडे, नमदा. अकोल्याच्या उन्हाने लाकूड तडकते, पाठोपाठ पावसाळ्यात ते फुगते, उंदीर नमदा कुरतडतात, वाळवी खालून चढते. या सगळ्याला इलाज आहे. सूर उतरला असेल तर जिभेचे टोक किंचित घासून चढवता येतो, चढला असेल तर मुळाशी घासून उतरवता येतो. मात्र हे काम जाणत्याचेच. कानस घेऊन कुणी घरी बसू नये!

वाद्य कसे जपतात ते पाहा. फिलिपाइन्समधल्या लास पिन्यास शहरातल्या चर्चमध्ये 1824 साली पुरा झालेला ऑर्गन आहे. त्याच्या 1031 नळ्यांपैकी 902 बांबूच्या. भूकंप-वादळांनी तो मोडला, कित्येक वर्षे मुका राहिला. त्या लोकांनी 1973 मध्ये तो थेट जर्मनीत बॉनला दुरुस्तीला पाठवला आणि 1975 मध्ये वाजता करून परत आणला. आपल्याला मेळघाट शेजारी असून बांबूचा ऑर्गन करायचा नाही, आहे तेवढा जपायचा आहे. जर्मनीही लांब राहिली. आपल्या कोकणात आडिवऱ्याला आजही नवे ऑर्गन घडवले जातात.

“आता कीबोर्ड आहे ना,” हे कारण तर आम्हाला सांगूच नका. ऐन गीताच्या वेळी लाइट गेली की कीबोर्ड गप्प होतो. पायपेटीला फक्त वाजवणाऱ्याचे पाय लागतात.

आमचा गट लहान आहे, पण त्यात सुतार आहेत, रेल्वेत आयुष्य काढलेले फिटर आहेत, भात्याला चामडे शिवणाऱ्या ताई आहेत, पेटीमास्तर आहेत. हाती घेतलेला एकही ऑर्गन आम्ही मुका परत केलेला नाही. मजुरी घेत नाही, सामानाचा खर्च तेवढा मंडळीने द्यावा.

तेव्हा ताबडतोब कामाला लागा. पाळकसाहेबांनी येत्या रविवारी वेदीवरूनच जाहीर करावे की मंडळीच्या सभेत ठराव झाल्याशिवाय कोणतेही वाद्य विकले जाणार नाही. गोदाम, वसतिगृह, शाळेची अडगळ, नाट्यमंडळाची खोली, सगळे धुंडाळा. ऑर्गन सापडला की भिंतीपासून हातभर पुढे घ्या, पायाखाली विटा द्या, उन्हातून काढा, सुती चादर टाका. प्लास्टिक नको, रंग नको, आत तेल तर अजिबात नको! आतल्या कागदावर कारखान्याचे नाव किंवा क्रमांक असेल तर फोटो काढून ठेवा. सुटलेली पट्टी, तुटलेला खिळा, काही फेकू नका. ज्या वडीलधाऱ्यांना तो वाजवता येतो त्यांच्याजवळ दोन मुले आणि दोन मुली आत्तापासून बसवा. ‘उपासना संगीत’मधली गीते पायपेटीवर धरणारे हात आता मोजकेच उरले आहेत.

येत्या रविवारी उपासनेनंतर अमरावतीत आणि त्यापुढच्या रविवारी अकोल्यात आम्ही जमणार आहोत. जागा आणि वेळ ज्यांनी हे पत्रक तुमच्या हाती दिले त्यांना विचारा. मंडळीतले कोणीतरी एक, ऑर्गनच्या फोटोसह, आलेच पाहिजे. आणि दारात भंगारवाला आधीच उभा असेल तर रविवारची वाट पाहू नका, त्याच क्षणी आम्हाला निरोप पाठवा. आमची गाडी येईल.