टीका कुठे संपते आणि द्वेष कुठे सुरू होतो?

ऑक्टोबर 2023 पासून गाझाच्या युद्धाची चर्चा आपल्या घराघरांत होते. मोरजी-हरमलला इस्रायली पर्यटक वर्षानुवर्षे येत असल्याने पेडण्यात ती अधिकच रंगते. इस्रायल सरकारच्या हल्ल्यांवर, वसाहतींवर कडक टीका करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. डाव्या विचारांची मंडळी ती करतात, त्यात गैर काहीच नाही.

पण याच चर्चांत मध्येच कुणीतरी म्हणतो, 'जगातल्या सगळ्या बँका ज्यूंच्या ताब्यात आहेत; सरकारे रॉथ्सचाइल्ड घराणेच चालवते.' इथे धोरणावरची टीका संपते आणि जमातीवरचा आरोप सुरू होतो. आम्हा बँकवाल्यांना हे विशेष खटकते. आपली रिझर्व्ह बँक 1935 साली भागधारकांची बँक म्हणून सुरू झाली, 1 जानेवारी 1949 रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले. आज तिचे सर्व भांडवल केंद्र सरकारचे आहे. भांडवलशाहीचे दोष कायद्यात, कर्जवाटपात, ताळेबंदात शोधावेत, आडनावात नव्हे.

हा रोग फक्त उजव्यांचा, असे डाव्यांना वाटते. लंडनमध्ये 2012 साली गरिबांच्या पाठीवर पट मांडून खेळणाऱ्या बँकरांचे भित्तिचित्र रंगवले गेले. त्यातले चेहरे ज्यूद्वेषी व्यंगचित्रांच्या वळणाचे होते. ते पुसू नये, अशा अर्थाची टिप्पणी केल्याबद्दल मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांना 2018 साली खेद व्यक्त करावा लागला.

गोमंतकीयांना तर हे सांगायलाच नको. 1560 साली इथे आलेल्या इन्क्विझिशनचा पहिला रोख बाटलेल्या ज्यूंवर होता. 'वरून ख्रिस्ती, आतून ज्यू', हा संशय पुरे होई. वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या बहिणीला 1569 मध्ये जाळले. 1580 मध्ये खुद्द ओर्तांची हाडे उकरून जाळली. पुढे याच इन्क्विझिशनची झळ हिंदूंनाही बसली. डिचोलीतल्या नार्व्याचा सप्तकोटेश्वर दिवाडीहून का हलवावा लागला, हे आपण जाणतोच.

म्हणून चर्चेत तीन प्रश्न विचारावेत. आरोप सरकारवर आहे की साऱ्या जमातीवर? पुरावा दाखवता येतो, की 'पुरावा नाही, हाच पुरावा' असे उत्तर मिळते? आणि 'ज्यू' काढून तिथे आपल्या समाजाचे नाव घातले, तर ते वाक्य आपण ऐकून घेऊ का?

गाझातल्या मुलांसाठी जीव तुटणे आणि कोकणात शतकानुशतके मराठी बोलत आलेल्या बेने इस्रायलींना आपले मानणे, यांत विरोध नाही. आपल्या मुलांना हा फरक घरातच कळायला हवा.