कल्पित प्रदेशाचा नकाशा

बंगळूरमधील इंदिरानगरात नव्याने आलेल्या माणसाला पत्ता शोधताना फारसे अडखळावे लागत नाही. तेथील बहुतेक रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. 'मेन' म्हणजे मुख्य रस्ता आणि त्याला छेदणारा तो 'क्रॉस', एवढे कळले की हवे ते घर सापडते. सर्वांत परिचित रस्त्याचे नावदेखील त्याच्या रुंदीवरून पडले आहे: शंभर फुटी रस्ता. ही वसाहत आधी कागदावर आखली गेली व नंतर जमिनीवर उभी राहिली, हे तिच्याकडे पाहताच ध्यानात येते.

इंदिरानगर वसण्याच्या कितीतरी आधी, याच बंगळूर शहरात आणखी एक गाव कागदावर जन्माला आले होते. 1930 सालच्या सप्टेंबर महिन्यात, आजीने काढून दिलेल्या शुभ दिवशी, आर. के. नारायण हे तरुण लेखक नवी वही घेऊन बसले. त्यांच्या मनश्चक्षूंपुढे एक लहानसे रेल्वे स्थानक उभे राहिले. त्या स्थानकाचे नाव मालगुडी. 1935 मध्ये 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि भारताच्या कोणत्याही नकाशात नसलेले हे गाव वाचकांच्या ओळखीचे झाले. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या बंगळूरच्या दोन भागांची नावे जोडून मालगुडी हे नाव बनले, असा तर्क आजही लढवला जातो. त्यात मनोरंजनापलीकडे फारसे काही नाही.

नसलेल्या प्रदेशाचा नकाशा काढणे हा आपल्याकडे पोरखेळ समजला जातो. खरा नकाशा ते ज्ञान आणि खोटा नकाशा तो केवळ विरंगुळा, अशी ही विभागणी आहे. ती योग्य नाही. कल्पित प्रदेश रेखाटणाऱ्याला पदोपदी निर्णय घ्यावे लागतात, आणि एका निर्णयातून दुसरा अपरिहार्यपणे निघतो. डोंगर काढला की पाऊस कोणत्या बाजूला पडणार हे ठरते. पाऊस ठरला की नदी ठरते, नदी ठरली की शेती, घाट, बाजार आणि भांडणे हीसुद्धा ठरतात. हाताला येईल तसा डोंगर आणि मनाला येईल तशी नदी काढणाऱ्याचा कागद सजतो खरा, पण त्यात कोणी राहू शकत नाही.

याचा पडताळा घेण्यासाठी दूर जायला नको. कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र जेमतेम 65 किलोमीटरांवर आहे. तरीही ती पश्चिमेकडे न जाता पूर्वेकडे वळते आणि सुमारे 1400 किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते, कारण जमिनीचा उतार तसा आहे. महाबळेश्वरला पावसाळ्यात धुके आणि धारा यांशिवाय काही दिसत नाही. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुका मात्र डोंगराच्या आड राहिल्याने पाण्यासाठी आसुसलेला असतो. एवढी एक गोष्ट ज्याने समजून घेतली, त्याच्या कल्पित देशातील नदी चढावर वाहणार नाही, आणि समुद्राकडे जाताना उगाच दुभंगून दोन दिशांच्या दोन समुद्रांना मिळणारही नाही.

बंगळूरचे उदाहरण याहून बोलके आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेल्या या महानगराजवळून मोठी नदी वाहत नाही. म्हणून पूर्वजांनी तेथे तळी बांधली. इंदिरानगरच्या शेजारचे हलसूरचे तळे त्यांपैकीच एक. पुढे तळ्यांनी भागेना, तेव्हा 1974 पासून कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरांवरून, खालून वर उपसून आणावे लागले. कल्पित नगर वसवणाऱ्याने नदी दिली नाही, तर पाण्याचा हिशोब त्याला असा द्यावा लागतो. नारायण यांनी नदी नसलेल्या शहरात बसून मालगुडीला मात्र शरयू नदी दिली. लंकेकडे निघालेल्या रामाने बाणाने वाळूत रेघ ओढली आणि त्या रेघेची नदी झाली, अशी कथाही त्यांनी पुढील एका कादंबरीत या नदीशी जोडली. नकाशा काढणाऱ्याच्या हातून याहून वेगळे काय घडते?

येथे एक आक्षेप संभवतो. कल्पनेला पृथ्वीचे नियम कशाला? आपल्या पुराणांत सप्तद्वीपांचे वर्णन आहे. मध्ये जंबुद्वीप, त्याभोवती खाऱ्या पाण्याचा समुद्र, आणि पुढे उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा असे समुद्र. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु त्याच वर्णनात प्रत्येक द्वीप आधीच्या द्वीपाच्या दुप्पट विस्ताराचे सांगितले आहे. म्हणजे दुधाचा समुद्र कल्पिणाऱ्यानेही मापाची शिस्त सोडलेली नाही. नियम पृथ्वीचाच असला पाहिजे असे नाही; पण एकदा घातला की तो पाळला पाहिजे.

मापाविषयी थोडे अधिक बोलायला हवे, कारण नवशिक्यांची चूक बहुधा तेथेच होते. 1800 साली विल्यम लॅम्टन यांनी बंगळूरजवळ, कृष्णराजपुरम् आणि आगरा या गावांदरम्यान, 100 फूट लांबीच्या पोलादी साखळीने जमीन मोजली. सुमारे साडेसात मैलांच्या त्या एका रेषेला 57 दिवस लागले. पुढे ज्या महासर्वेक्षणाने हिंदुस्थानचा नकाशा घडवला, त्याची ही पूर्वतयारी होती. लॅम्टन यांना मृत्यू आला तोही मोजणीच्या कामावर असतानाच, 1823 मध्ये, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. कल्पित देशात साखळी ओढावी लागत नाही, पण माणसांना चालावे लागतेच. आळंदीहून पंढरपूरला निघालेली पालखी सुमारे 250 किलोमीटर जाते आणि त्यासाठी जवळजवळ तीन आठवडे घेते. हे प्रमाण मनात ठेवले, तर कथेतील सैन्य एका रात्रीत राज्य ओलांडणार नाही.

स्कॉटलंडचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने 1881 च्या उन्हाळ्यात आपल्या सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी जन्मली. पुढे प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा हरवला. तेव्हा स्वतःच्याच पुस्तकातील एकेक उल्लेख तपासून, त्यांच्याशी जुळेल असा नकाशा त्याला पुन्हा काढावा लागला. पहिला नकाशा आनंदाचा होता, दुसरा परिश्रमाचा.

प्रौढ वयात शिकायला बसलेल्या अनेकांच्या दृष्टीने नकाशा ही कोणीतरी दुसऱ्याने काढलेली, भिंतीवर टांगलेली वस्तू असते. तिच्यावर बोट ठेवायचे आणि विचारलेले गाव दाखवायचे, एवढाच तिच्याशी संबंध. स्वतः एक देश रेखाटून पाहिलेला माणूस त्याच भिंतीकडे निराळ्या नजरेने पाहतो. कोणती वाडी दाखवली आणि कोणती गाळली, रस्त्याला क्रमांक का मिळाला आणि पाणंदीला काहीच का नाही, हे प्रश्न त्याला पडतात. कारण आपल्या कागदावर कोणाला नाव द्यायचे हे त्याने स्वतः ठरवलेले असते.

मालगुडीचा सर्वपरिचित नकाशा नारायण यांच्या हातचा नाही. जेम्स फेनेली या अभ्यासकाने कादंबऱ्यांच्या आधारे जी मांडणी केली, तिच्यावरून क्लॅरिस बोरिओ यांनी तो रेखाटला आणि 1982 च्या 'मालगुडी डेज' या कथासंग्रहात तो छापला गेला. शरयू, कबीर स्ट्रीट, मार्केट रोड, मेंपी टेकड्या ही सारी ठिकाणे त्यात आपापल्या जागी आहेत. लेखकाने केवळ शब्दांत ठेवलेली अंतरे वाचकाला जुळवता आली, हे त्या गावाच्या खरेपणाचे प्रमाण मानावे लागेल. शंकर नाग यांनी या कथांवर दूरदर्शनसाठी मालिका केली तेव्हा शिवमोग्गा जिल्ह्यातील अरसाळू या लहान स्थानकाला मालगुडीचे रूप दिले गेले. 2020 मध्ये त्या स्थानकाच्या जुन्या इमारतीत मालगुडी संग्रहालय उघडले.