बास ऐकू यायला नको, असायला हवा

मागच्या रविवारी मामेभाऊ घरी आला होता. अब्बांच्या रेकॉर्डींसाठी मी नुकताच एक सबवूफर घेतला आहे, हे त्याला ठाऊक होतं. कव्वालीची एक एल.पी. लावली. दोन मिनिटं ऐकून तो म्हणाला, "भाईजान, पैसे पाण्यात गेले तुमचे. बास तर कळतच नाही." मी न बोलता उठलो आणि सबवूफर बंद केला. तोच म्हणाला, "हे काय, ढोलक पत्र्याच्या डब्यासारखा का वाजायला लागला?"

मला जे म्हणायचं होतं ते त्यानेच सांगून टाकलं. सबवूफर चालू असताना तो आहे हे कळू नये आणि बंद केल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटावं. आपल्याकडे मात्र छाती हादरली नाही तर बास वाजलाच नाही, असा समज झालाय. हा समज चुकीचा आहे आणि रेकॉर्डच्या बाबतीत तर साफ चुकीचा आहे.

दुसरा समज असा की रेकॉर्डमध्ये बासच नसतो. असतो. पण खर्जाच्या आवाजाला खाचेत फार रुंद वळण लागतं. तो आहे तसा कोरला तर शेजारच्या खाचा एकमेकींत घुसतील आणि एका बाजूला चार गाणीही मावणार नाहीत. म्हणून कोरताना खर्ज कमी करतात आणि वाजवताना फोनो प्रीअँप तो तेवढाच वाढवून परत देतो. १९५४ पासून रूढ झालेल्या आर.आय.ए.ए. प्रमाणात १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ मिळते. म्हणजे बास ही अमानत आहे. ती जशीच्या तशी परत करायची, वर पदरचं काही घालायचं नाही.

कारण त्या १९ डेसिबलमध्ये नको ते पाहुणेही येतात. मोटरची घरघर येते, वाकलेल्या रेकॉर्डचा हेलकावा येतो. ३३⅓ च्या वेगात तो दर १.८ सेकंदाला एकदा येतो. कानाला कळत नाही, पण वूफरचा पडदा आत-बाहेर होताना डोळ्यांना दिसतो. त्याला अडवायला २० हर्ट्झच्या खालचं गाळणारा सबसॉनिक फिल्टर हवाच.

माझीही चूक सांगतो. पहिल्या दिवशी सबवूफर आणि टर्नटेबल एकाच कपाटावर ठेवले. सबवूफरची थरथर पिनपर्यंत पोचली, पिनने तीही वाजवली, ती पुन्हा सबवूफरमध्ये गेली. खोलीभर हंबरडा फुटला आणि पिन उडाली. आता टर्नटेबल भिंतीतल्या फळीवर आहे आणि सबवूफर दूर, जमिनीवर. त्याची जागा शोधायला तो आधी माझ्या खुर्चीच्या जागी ठेवला, गाणं लावलं आणि खोलीभर गुडघ्यांवर रांगत फिरलो. मुलं हसली. जिथे खर्ज स्वच्छ आणि एकसारखा ऐकू आला तिथे सबवूफर गेला. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या वर नेला नाही. वर नेला की गाणाऱ्याचा आवाजही कोपऱ्यातून येऊ लागतो. फेज ० आणि १८० दोन्ही करून पाहिली, भरदार वाटली ती ठेवली. मग आवाज हळूहळू वाढवला आणि जिथे सबवूफर जाणवला तिथून थोडा मागे घेतला.

दादाजानच्या ७८ च्या काही जुन्या तबकड्या लावताना तर मी तो बंदच करतो. १९२५ च्या आधीचं ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर गाऊन व्हायचं. त्यात खोल खर्ज उतरलाच नाही. सबवूफर तिथे फक्त घरघर वाजवणार. जे नाहीच ते मागण्यात काय अर्थ?

आता खरं दुखणं. खर्ज भिंतीला जुमानत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजारी चाचींपर्यंत गझलेचा शेर पोचत नाही, नुसती धपधप पोचते. माझी हौस आणि त्यांची झोप. शेजाऱ्याच्या हक्कावर आपण तासन् तास बोलतो, तो हक्क या बटणापाशीही लागू आहे. आणि आपल्याच लोकांना आधी सांगतो, जुलूसमध्ये डीजेच्या भिंती लावून आपण नातचे शब्दच गाडून टाकतो. "त्यांच्या मिरवणुकीत वाजतो ना," हे उत्तर नव्हे, ही चढाओढ झाली. चढाओढीत कान दोघांचेही जातात.

म्हणून सबवूफर जरूर घ्या. फक्त तो लावून झाला की एकदा बंद-चालू करून पाहा, काय हरवतं आणि काय परत येतं ते. मग जिना उतरून खालचं दार वाजवा आणि विचारा, "त्रास तर होत नाही ना?" त्या उत्तराप्रमाणे बटण फिरवा.