मूत्रपिंडाची मूक झीज

मध्य प्रदेशातील पांढुर्ण्याचे नाव वृत्तपत्रांत वर्षातून एकदा हमखास झळकते, ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे. फुटलेली डोकी बांधावयास त्या दिवशी डॉक्टर आणि रुग्णवाहिका नदीकाठी सज्ज असतात. रक्त दिसते, म्हणून धावाधाव होते. मधुमेहाने मूत्रपिंडावर होणारा घाव असा दिसत नाही. पायांवर सूज घेऊन रोगी दवाखान्याची पायरी चढतो, तोवर बहुधा फार उशीर झालेला असतो.

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. मराठी बोलणारा, संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख. त्याची चिंता गोव्याने का वाहावी, असे कोणी विचारील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले होते. एवढे उत्तर पुरे आहे.

मधुमेह अनेकांना होतो; मग मूत्रपिंडे काहींचीच का निकामी व्हावीत? अमेरिकेतील मिनेसोटात १९८९ साली मधुमेही भावंडांची एक लहानशी पाहणी झाली. एकाचे मूत्रपिंड बिघडलेले असल्यास दुसऱ्याचेही बिघडल्याचे प्रमाण ८३ टक्के भरले. एरवी ते अवघे १७ होते. हा वारसा दडला आहे कोठे? साखर अति झाली की पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी कण वाढतात. त्यांना आवरणारी विकरे शरीरातच असतात, परंतु ती घडविणारी जनुके सर्वांची सारखी नसतात. कित्येकांच्या ठायी त्यांपैकी एखादे जनुक मुळातच नसते. ज्यांचे हे रक्षण दुबळे, त्यांच्या मूत्रपिंडातील गाळण्या लवकर झिजतात, असा संशोधकांचा कयास आहे. निष्कर्ष मात्र अद्याप एकमुखी नाहीत. २०१९ साली सुमारे एकोणीस हजार मधुमेहींच्या तपासणीत गाळणीच्या पडद्याचे रक्षण करणारा एक जनुकभेद सापडला. ते सारे युरोपीय वंशाचे होते! सौंसरच्या शेतकऱ्यास तो कितपत लागू पडतो, हे सौंसरचे रक्त तपासल्यावाचून कसे ठरावे?

या अपुऱ्या ज्ञानावर बाजार मात्र तेजीत आहे. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून बाटल्या खपतात. जीवनसत्त्वाने अपाय तो कसला होणार, हा समजही भाबडाच होय. कॅनडात अशा रोग्यांना ब जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या, तेव्हा मूत्रपिंडे अधिकच वेगाने खालावल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. संत्र्याचेच पाहा. क जीवनसत्त्वाने भरलेले हे फळ. पण मूत्रपिंड थकले की त्यातील पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची लय बिघडवू शकते. जन्मभर संत्री पिकविणाऱ्याच्या ताटातून डॉक्टरांना मग संत्रेच उचलावे लागते.

केंद्राने २०१६ साली डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, तो योग्यच होता. तथापि डायलिसिस ही शेवटची पायरी. त्याआधी बरेच काही करता येते. लघवीतून अल्ब्युमिन पाझरू लागल्याचे वेळीच कळले, तर रक्तदाब आवरून आणि आता स्वस्त झालेल्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधांनी ही झीज मंदावता येते. त्यासाठी जनुकांच्या प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. पांढुर्णा-सौंसरच्या, तसेच म्हापसा-मडगावच्याही सरकारी रुग्णालयांनी प्रत्येक मधुमेह्याची ही चाचणी दरवर्षी करावी आणि ज्या घरात एकास डायलिसिस लागले, तेथील मधुमेही भावंडांना निरोप धाडून आधी बोलवावे. या चाचणीस सुईदेखील टोचावी लागत नाही.